सुप्रजनन माणदेशात आलं असतं तर

१९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळानं कुटुंबाच्या आकारावर मर्यादा घालणारं विधेयक मंजूर केलं. तीन मुलं हयात असलेल्या जोडप्यापैकी एकानं नसबंदी करून घेणं त्यात सक्तीचं होतं आणि टाळाटाळ करणाऱ्याला तुरुंगवासाची तरतूद होती. असा सक्तीचा कायदा मंजूर करणारं देशातलं हे पहिलं विधिमंडळ. विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेलं. १८ जानेवारी १९७७ रोजी लोकसभेच्या निवडणुका जाहीर झाल्या, मार्चमध्ये मतदान झालं, २१ मार्चला आणीबाणी उठली. संमती काही आली नाही. विधेयक बासनात गेलं.

ती संमती आली असती तर माणदेशाचं काय झालं असतं? म्हसवड, दहिवडी, आटपाडी, सांगोला हा सगळा टापू पर्जन्यछायेतला. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही येईल तेव्हा. सरकारदरबारी या मुलखाची पहिली ओळख ‘दुष्काळी’ अशीच आहे, आणि दुष्काळी मुलखातल्या माणसाकडं सरकार नेहमी तोंडं मोजतच बघत आलं आहे. १८७६-७७च्या दुष्काळात ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपलनं कामावरच्या मजुराला दिवसाला एक रत्तल धान्यात जगवायचा हिशेब बसवला होता. त्या दुष्काळानंतर माण नदीवर राजेवाडीचा तलाव झाला, तो आजही आहे. आणि बरोबर शंभर वर्षांनी मुंबईच्या विधिमंडळात तोंडं मोजणं पुन्हा कायद्याच्या भाषेत आलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की, सुप्रजनन (युजेनिक्स), म्हणजे कुणाला संतती व्हावी आणि कुणाला नको याची वरून केलेली निवड, आपल्याकडं आलं असतं तर ते बर्लिनच्या वाटेनं आलं नसतं. ते तलाठ्याच्या, ग्रामसेवकाच्या आणि रोजगार हमीच्या मुकादमाच्या वाटेनं आलं असतं. त्याला लागणारं जवळजवळ सगळं सामान आपल्या घरात तयार होतं. ते आलं नाही याचं श्रेय आपल्या चांगुलपणाला देता येत नाही.

सुप्रजनन म्हटलं की लोकांना हिटलर आठवतो. १४ जुलै १९३३चा जर्मन कायदा, त्याखाली नसबंदी केलेली सुमारे चार लाख माणसं, आणि पुढचं सगळं. हे आठवणं बरोबरच आहे, पण त्यामुळं आपण स्वस्तात सुटतो. कारण पहिला कायदा जर्मनीचा नव्हताच. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यानं तो १९०७ साली केला. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं व्हर्जिनियातल्या कॅरी बक नावाच्या तरुण मुलीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. तिची आई मंदबुद्धी, ती मंदबुद्धी, तिची तान्ही मुलगीही तशीच, असं न्यायालयापुढं मांडलं गेलं होतं. ती तान्ही मुलगी पुढं शाळेत गेली आणि गुणवत्ता यादीत आली. स्वीडनमध्ये असा कायदा १९३४ साली झाला आणि १९७६ उजाडताना रद्द झाला. त्याखाली त्रेसष्ट हजारांच्या आसपास माणसांची नसबंदी झाली. म्हणजे स्वीडन ज्या वर्षी बाहेर पडला त्याच वर्षी महाराष्ट्र आत शिरू पाहत होता. जपानचा कायदा १९४८ ते १९९६ चालला आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला तो थेट जुलै २०२४मध्ये. अमेरिका, स्वीडन, युद्धानंतरचा जपान, हे सगळे निवडणुका घेणारे देश. तिथले आमदार-खासदार, न्यायाधीश आणि डॉक्टर यांनी हे कायदेशीर मार्गानं, सभ्य भाषेत केलं.

सभ्य भाषा मराठीतही होती. त्याच १९२७ साली कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले प्राध्यापक ना. सी. फडके यांचं भारतातल्या लैंगिक प्रश्नावरचं इंग्रजी पुस्तक आलं. भारतात सुप्रजननाची चळवळ उभारावी, अशी त्यात उघड मागणी होती आणि त्याला मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना होती. वाचकांना फडके कादंबरीकार म्हणून ठाऊक असतात, ही बाजू फारशी ठाऊक नसते. सोलापुरात सुप्रजननाचं शिक्षण देणारी एक संस्था त्याच सुमाराची. मुंबईत डॉ. ए. पी. पिल्ले यांचं ‘मॅरेज हायजीन’ हे नियतकालिक १९३४ साली सुरू झालं. धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी कानडी आणि मराठी मुलांसाठी बेतली. त्यांचं पुस्तक १९४०चं. अमेरिकेत हीच चाचणी माणसाला ‘मंदबुद्धी’ ठरवायला वापरली जात होती.

ही माणसं दुष्ट नव्हती. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गमावली, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवताना कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. दहा-दहा बाळंतपणांत खंगून मरणाऱ्या बायकांना सोडवायचं होतं, आणि ते काम थोरच होतं. पण त्या पिढीच्या बहुतेक लेखनात दोन धागे एकमेकांत पिळलेले दिसतात. एक धागा म्हणतो, मूल हवं की नको हे बाईनं ठरवावं. दुसरा म्हणतो, कुणाला मूल व्हावं हे समाजानं ठरवावं. १९३८च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई विधानसभेत पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रचाराचा ठराव मांडला. त्यांचं भाषण डॉ. आंबेडकरांनी तयार केलेलं होतं, आणि त्यातला धागा पहिला होता. ठराव फेटाळला गेला.

आता एक वेगळा इतिहास कल्पून पाहू. १९३८चा ठराव मंजूर होतो, पण वाटाघाटीत त्याला दुसऱ्या धाग्याचं शेपूट जोडलं जातं. केंद्रं निघतात, आणि केंद्राबरोबर प्रत्येक तालुक्याला एक सुप्रजा निरीक्षक येतो. स्वातंत्र्यानंतर नियोजनाच्या उत्साहात ही यंत्रणा आरोग्य खात्यात विरघळून जाते. तिला कुणी विरोध करत नाही, कारण तीच यंत्रणा देवीची लस टोचते आणि मलेरियाची फवारणी करते. मग १९७२चा दुष्काळ. माणदेशातली झाडून सगळी माणसं खडी फोडायला येतात आणि प्रत्येकाचं नाव हजेरीपटावर चढतं. इतकी चोख यादी त्याआधी कधी तयार झालेली नसते. १९७६ साली दिल्लीहून संमती येते.

म्हसवडच्या बाजाराच्या दिवशी चावडीत टेबल मांडलेलं आहे. छापील अर्जाचे रकाने असे: नाव, जात, बापाचा धंदा, जमीन किती एकर, हयात मुलं किती, घराण्यात वेड, फिट, कोड, महारोग आहे काय, साक्षर की निरक्षर, आणि शेवटी शेरा. तलाठी लिहितो आहे. त्याचा आवाज चढत नाही. जमीन असलेल्याच्या शेऱ्यात ‘मुदत मागितली’ असं येतं, कारण तो वकिलाला भेटून आलेला आहे. कोरडवाहू तुकड्यावर जगणाऱ्याच्या शेऱ्यात तारीख येते.

कुणी म्हणेल, १९७६चं विधेयक संख्येबद्दल होतं, गुणाबद्दल नव्हतं; त्याला सुप्रजनन म्हणणं ओढूनताणून आहे. विधेयकाच्या मजकुरापुरता हा आक्षेप मान्य. पण सक्ती जमिनीवर उतरते तेव्हा संख्येचा कायदा निवडीचा कायदा होतो. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, महाराष्ट्रात आठ लाखांहून जास्त. हा आकडा गाठायला कायदा लागलाच नाही, उद्दिष्टं पुरली. बार्शीत नगरपालिकेच्या गाड्यांतून बाजाराला आलेली खेड्यातली माणसं धरून नेल्याची हकीकत तेव्हाच बाहेर आली होती. गाडीत कोण सापडतं? ज्याला ओळख सांगायला साहेब नाही तो. उद्दिष्टाच्या मागं लागलेला अधिकारी कुणाची संतती थांबवायची हे ठरवत बसत नाही, पण त्याच्या हातून ते ठरतंच: भूमिहीन, भटका, बाहेरगावचा. सुप्रजननवाद्यांच्या ‘अपात्रां’ची यादी काढून शेजारी ठेवली तर दोन्हींत फारसा फरक दिसत नाही.

या विषयावर बोलायचा माणदेशाला खास अधिकार आहे तो पैदाशीमुळं. सुप्रजननाचा इंग्रज प्रणेता फ्रान्सिस गाल्टननं एकोणिसाव्या शतकात आपला मुद्दा मांडला तो कुत्र्या-घोड्यांच्या पैदाशीवरून: निवडून निवडून चांगली जनावरं करता येतात, मग माणसं का नाहीत? या प्रश्नाला खरं उत्तर खिलार पाळणाराच देऊ शकतो. खिलाराच्या प्रकारांत आटपाडी महालाच्या जोडीला म्हसवडचं नाव घेतलं जातं. खरसुंडीच्या यात्रेत खोंड बघणारा जाणता माणूस पाहावा. तो आधी लांबून एक फेरी मारतो. जनावर बुजतं का, कान कुठं फिरवतं, ते बघतो. मग जवळ येऊन दात बघतो, आदत आहे की दुसा. शिंगांची ठेवण, वशिंड, पाठीची रेघ, गळ्याची पोळी, खुरांच्या नख्या घट्ट की फाकलेल्या, अंगावरचे भोवरे. शेवटी कासरा हातात घेऊन चालवून बघतो. एवढं सगळं करून हजारातला एखादाच वळू म्हणून राखला जातो, बाकीचे खच्ची होऊन औताला लागतात. ही निवड पिढ्यानपिढ्या इतकी नेटानं झाली की, उन्हातान्हात कमी चाऱ्यावर लांब पल्ला तोडणारा असा दुसरा बैल दख्खनमध्ये नाही.

पण हा जाणता माणूस एक गोष्ट कधी विसरत नाही: जनावर कशासाठी घ्यायचं. मोटेला, नांगराला की गाडीला. चांगला खोंड म्हणजे घेणाऱ्याच्या कामाला चांगला. मग ट्रॅक्टर आला, मोटार पंप आला, दुधाला जर्सी आणि होलस्टीन आली, आणि शतकानुशतकं ‘उत्तम’ म्हणून घडवलेलं खिलार दावणीला जड झालं. २०१४च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी घातल्यावर उरलंसुरलं गिऱ्हाईकही गेलं. २०२१च्या डिसेंबरमध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली, २०२३च्या मे महिन्यात त्यावर शिक्कामोर्तब झालं, आणि पळणाऱ्या खोंडांच्या किमती लाखांत गेल्या. या सगळ्या उलथापालथीत खोंडात काहीही बदललं नव्हतं. बदललं ते घेणाऱ्याचं काम.

माणसाच्या बाबतीत घेणारा कोण? गाल्टनचे अनुयायी म्हणत ‘समाज’. प्रत्यक्षात ती जागा गिरणीमालकानं, लष्करी भरतीच्या अधिकाऱ्यानं किंवा साखर कारखान्याच्या मुकादमानं घेतली असती. हे नुसतं कल्पनेतलं नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ साली राज्य सरकारच्या समितीनं केली. ८२ हजारांहून जास्त बायकांपैकी तेरा हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. खाडा झाला की दंड, पाळी आली की खाडा, डॉक्टरनं कर्करोगाची भीती घातली की शस्त्रक्रियेला उचल. त्या बायकांवर कुठला कायदा लागू नव्हता. कामाच्या मागणीनं त्यांचं शरीर आपल्या सोयीचं करून घेतलं.

जात म्हणजेच आमचं जुनं सुप्रजनन, असं अभिमानानं सांगणारे विद्वान १९३०च्या दशकात होते. आंबेडकरांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये, म्हणजे १९३६ साली, त्यांचा मुद्दा त्यांच्याच मापानं तोलला. जातीनं खरंच चांगली माणसं पैदा केली असतील तर लष्करात घ्यायला नालायक ठरणारी, खुजी, अशक्त माणसं एवढ्या मोठ्या संख्येनं का? आणि वंश राखण्यासाठी बेटीबंदी म्हणत असाल तर रोटीबंदी कशासाठी? जेवणाच्या पंगतीतून रक्त बदलत नाही. ना. सी. फडक्यांच्या पुस्तकापेक्षा ही काही पानं मराठी शाळांत शिकवली गेली असती तर पुष्कळ बरं झालं असतं.

दुसरं उत्तर विज्ञानानं दिलं, आणि ते म्हसवडपासून फार लांब नाही. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला मानववंशशास्त्र, आनुवंशिकी आणि सुप्रजनन यांच्या कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करत होत्या. विषय होता कवटीच्या दोन बाजूंतली असमानता. वंशावंशांत या असमानतेत फरक असावा, असं फिशर यांचं गृहीतक होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा फरक आढळत नाही असं लिहून दिलं. तरुण, परदेशी, बाई, आणि मार्गदर्शक पुढं नाझी राजवटीचा मान्यवर झालेला माणूस. तिनं मापं फिरवली नाहीत, हे मला तिच्या सगळ्या ग्रंथांइतकंच मोठं वाटतं.

इरावतीबाईंचे जावई बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. तिथं पुढं मेंढ्यांवर काम झालं. आपली दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनात गारोळे नावाची मेंढी आहे, उणीपुरी दहा-पंधरा किलोची. खरसुंडीच्या बाजारात आणली तर कुणी तिच्याकडं वळून बघणार नाही. तिच्यात जुळी कोकरं देणारं एक जनुक आहे. ऑस्ट्रेलियातल्या प्रसिद्ध बूरूला मेरिनोत तेच जनुक आहे आणि ते अठराव्या शतकाअखेर बंगालहून नेलेल्या मेंढ्यांतून आलं असावं, असं मानलं जातं. फलटणच्या संस्थेनं गारोळेतलं हे जनुक दख्खनीत आणलं आणि ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार केली. डोळ्यांनी निवड करणाऱ्यानं पहिल्या फटक्यात मोडीत काढली असती अशा मेंढीत हे धन होतं. आणि तेवढ्यावर गोष्ट संपत नाही. माणमधला भटका धनगर सांगेल की, चारा नसलेल्या वर्षी जुळ्यांना आईचं दूध पुरत नाही. म्हणजे एकच गुण बांधावरच्या कळपात वरदान आणि वाटेवरच्या कळपात ओझं. मेंढीबद्दल एवढी सावधगिरी लागते, आणि माणसाबद्दल आपण चावडीतल्या टेबलावर बसून शेरा लिहिणार?

आनुवंशिक दोषाच्या समजुतीवर उभा असलेला एक कायदा मात्र या मुलखानं खरोखर भोगला. १८७१ साली सुरू झालेला गुन्हेगार जमातींचा कायदा. जन्मानं गुन्हेगार, हे त्याचं गृहीतक. रामोशी आणि मांग समाजातल्या माणसांना रात्री चावडीवर हजेरी द्यावी लागे. अण्णा भाऊ साठे वाटेगावचे, म्हणजे तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातले. ‘फकिरा’ या कादंबरीच्या मुळाशी ही हजेरी आहे. सोलापूरला काटेरी तारांच्या कुंपणात या जमातींची वस्ती, ‘सेटलमेंट’, होती. १९११च्या सुधारित कायद्यानं या जमातींची मुलं आईबापांपासून काढून वेगळी ठेवायचा अधिकार सरकारला मिळाला होता. देशभरातून हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ला गेला. कल्पनेतल्या इतिहासात सुप्रजा निरीक्षकाला नवी वही उघडावी लागली नसती. हजेरीची वही त्याला आयती मिळाली असती.

पण याच माणदेशात याच्या बरोबर उलटी गोष्टही घडली, आणि तिची आठवण आपण पुरेशी ठेवली नाही. आटपाडी हा औंध संस्थानाचा तुकडा. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली प्रजेला राज्यघटना दिली, आणि त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. मॉरिस फ्रिडमन हा पोलंडचा अभियंता आणि राजपुत्र अप्पासाहेब पंत यांचा त्यात पुढाकार होता. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना तिथं भिंतीशिवाय, बेड्यांशिवाय, बायकामुलांसह शेतीवर ठेवलं. पुढं ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची प्रेरणा हीच, आणि त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच तालुक्यातले. राजेसाहेबांचा स्वतःचा ध्यास सूर्यनमस्काराचा होता. माणसाचं शरीर आणि मन रोजच्या मेहनतीनं सुधारतं, यावर त्यांची श्रद्धा. रक्त निवडायची त्यांना कधी गरज वाटली नाही. एकाच दशकात सोलापूरला तारेचं कुंपण आणि आटपाडीला उघडं शिवार. दोन्हीकडं माणसं तीच होती.

अशी दुसरी गोष्ट म्हसवडमधली, १९९०च्या दशकातली. वेल्डिंगचं काम करून पावसाळ्यात झोपडीवर टाकायला ताडपत्रीसाठी पैसे साठवू पाहणाऱ्या एका बाईला बँकेनं खातं उघडू दिलं नाही, रक्कम फार लहान म्हणून. तेव्हा सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा आणि गावातल्या बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला, कारण अर्जदार बायका अंगठाबहाद्दर. त्या परत आल्या, लिहा-वाचायला बसल्या, आणि काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. आम्हाला मुद्दल सांगा, दर सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो; तुमच्या साहेबांनाही यंत्राशिवाय काढायला सांगा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

माझ्या कल्पनेतल्या अर्जावर ‘साक्षर की निरक्षर’ असा एक रकाना आहे, तो मी उगाच घातलेला नाही. कॅरी बकला ‘मंदबुद्धी’ ठरवणाऱ्यांनी गरिबी, शाळा सुटणं आणि लग्नाआधी आलेलं मूल याच खुणा वाचल्या होत्या. कॅरीवर ती ज्या घरी सांभाळायला होती तिथल्या एका नातेवाइकानं बलात्कार केला होता. म्हसवडच्या त्या बायकांना १९३८ नंतरच्या माझ्या इतिहासातला निरीक्षक भेटला असता तर अंगठ्याच्या ठशावरून त्यांचा शेरा ठरला असता, आणि तोंडी व्याज काढणारी बुद्धी त्याच्या चाचणीत कुठं बसलीच नसती. मधल्या पिढीत त्यांच्यातल्या कितीजणी जन्मालाच आल्या नसत्या. घरातलं चौथं, पाचवं अपत्य असलेली माणसं माणदेशात दर दुसऱ्या घरात सापडतील, आणि बँकेच्या सभासदांतही असणारच.

एवढं सगळं टळलं, म्हणून हायसं वाटून घ्यावं तर तेही करता येत नाही. निवड आपण कायद्याशिवाय केलीच. सातारा जिल्हा परिषदेनं २०११च्या ऑक्टोबरमध्ये ‘नकुसा’ नावाच्या मुलींना नवी नावं देण्याचा कार्यक्रम घेतला. अशा मुली दोनशे ऐंशीहून जास्त निघाल्या. आधीच्या मुलींवर मुलगीच झाली, आता नको, म्हणून ठेवलेलं नाव. नकुसा निदान जन्माला तरी आली होती. सोनोग्राफी आल्यावर तिची जन्मायची वाट बंद झाली. गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, १९८८ साली; तरीही शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागं मुलींचं प्रमाण २००१ला ९१३ होतं ते २०११ला ८९४वर आलं. सांगली जिल्हा त्या सरासरीच्याही खाली. २०१७च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले एकोणीस गर्भ सापडले. आणि १९९४ साली शिरूरच्या सरकारी गृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. कारण काय, तर पाळीची स्वच्छता राखता येत नाही. बोभाटा झाल्यावर ते थांबलं.

इथं एक अवघड प्रश्न टाळून चालणार नाही. थॅलेसेमियाची दोघंही वाहक असलेली जोडपी आज तपासणी करून घेतात. त्यांच्या निर्णयालाही सुप्रजनन म्हणायचं का? मी म्हणणार नाही. ज्या आईला त्या मुलाला दर महिन्याला रक्त चढवायचं आहे तिचा तो निर्णय आहे, आणि माहिती देऊन तो तिच्यावर सोडणं हे र. धों. कर्व्यांच्या पिढीतल्या पहिल्या धाग्याशी इमान राखणं आहे. पण मुलगी नको हाही पुष्कळदा ‘कुटुंबाचा निर्णय’ म्हणूनच सांगितला जातो. तो निर्णय कुणाच्या दडपणानं झाला हे विचारल्याशिवाय फरक करता येत नाही. सासरचं दडपण, हुंड्याचं दडपण, अपंग मूल झालं तर शाळा नाही, पेन्शन नाही, याचं दडपण. सरकारनं सोय करायची टाळली की जोडप्याची निवड हळूहळू सरकारचीच निवड होते, कागदावर नाव तेवढं जोडप्याचं राहतं. म्हणून अपंग मुलांसाठी तालुक्याच्या गावी फिजिओथेरपी आणि शाळा असणं हा मला सुप्रजननाविरुद्धच्या कुठल्याही घोषणेपेक्षा मोठा प्रतिकार वाटतो.

कायद्यात काही बरे बदल झाले आहेत. २०१६च्या अपंग हक्क कायद्यानं संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कुठलीही शस्त्रक्रिया निषिद्ध केली. हिंदू विवाह कायद्यातून फिट येणाऱ्यावरची बंदी १९९९ला गेली. पण त्याच कायद्याच्या पाचव्या कलमात मानसिक आजारामुळं ‘विवाहास आणि संततीस अपात्र’ असलेल्या माणसाची अट अजून शिल्लक आहे. कोण अपात्र हे ठरवणारा १९२७चा न्यायाधीश त्या ओळीत अजून बसलेला आहे.

आणि १९७६च्या विधेयकाचा एक वंशज तर रोज आपल्या डोळ्यांसमोर असतो. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेल्याला गावच्या पंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. नगरपरिषदेलाही अशीच अट आहे. आमदाराला आणि खासदाराला नाही. हा नियम असलेल्या राज्यांतून पद टिकवायला मूल दत्तक दिल्याचं दाखवणं, बायकोला सोडल्याचे कागद करणं असे प्रकार वारंवार समोर आले आहेत. तिसरं मूल हवं की नको हे ज्या बाईच्या हातात कधीच नव्हतं, तिच्याकडूनच सरपंचपद काढून घेतलं जातं. सर्वोच्च न्यायालयानं २००३ साली हरियाणाच्या अशाच नियमाला मान्यता दिली आहे, तेव्हा हा बदल कोर्टातून होणार नाही, विधिमंडळातूनच करावा लागेल. १९७६ला याच विधिमंडळानं ती पहिली पायरी चढली होती. मुलांच्या संख्येवरून उमेदवार बाद करणारी तरतूद पंचायत आणि नगरपरिषद, दोन्ही कायद्यांतून त्यानं काढून टाकावी, आणि तसं विधेयक मांडायचा पहिला मान माण-खटावच्या आमदारानं घ्यावा.